दारातलं बोलणं

मार्लिस हिएतालाचा फोटो एके काळी, अमेरिकेच्या उत्तरेला मोठ्या सरोवराकाठी वसलेल्या आमच्या डुलूथ गावच्या निम्म्या बसथांब्यांवर होता. बाकाच्या पाठीवर तिचा हसरा चेहरा, फुलवलेले केस आणि खाली ठळक अक्षरांत नाव. तेव्हा ती एजंट होती. घरं विकून द्यायची, भाड्यानं लावून द्यायची, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लोक तिच्या तोंडाला पाठ लावून बसची वाट बघत बसायचे. ती म्हणायची, "या गावात माझ्याकडे पाठ केली नाही असा एक माणूस आणून दाखवा."

पन्नाशी उलटल्यावर तिनं ते सगळं सोडलं. लोकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. चांगलं चाललेलं काम सोडून ही बाई दुसऱ्यांची घरं सांभाळायला लागली, म्हणजे घरमालक परगावी आणि घराची उस्तवार हिच्याकडे. भाडं गोळा करायचं, गळका नळ बघायचा, पायऱ्यांवरचा बर्फ काढून घ्यायचा, वरच्या मजल्याचं आणि खालच्या मजल्याचं भांडण मिटवायचं. तिचा नवरा रे म्हणाला, "बाकावरून उठलीस ती थेट तळघरात गेलीस." त्यात खोटं काही नव्हतं. तिचा निम्मा दिवस कुणाच्या ना कुणाच्या तळघरातच जायचा.

का सोडलं, हे ती सहसा कुणाला सांगायची नाही. खरं कारण एवढंच की विकलेल्या घरासमोरून जाताना तिची गाडी आपोआप हळू व्हायची. एकदा तिनं एका नव्या जोडप्याला वरचा मजला भाड्यानं लावून दिला होता. पुढच्या हिवाळ्यात बघते तर खिडक्यांना आतून घोंगड्या लावलेल्या. तळघरातली घर तापवणारी भट्टी बंद पडली होती की घरात तान्हं मूल आलं होतं, कोण जाणे. दार ठोठावायचा तिला हक्क नव्हता. किल्ली हातात ठेवली, आपला हिस्सा घेतला, की एजंटाचं काम संपलं. त्यात चूक काही नाही, ते काम तसंच असतं. पण त्या घोंगड्या तिच्या डोक्यातून गेल्या नाहीत.

आणि घरमालकांचं म्हणाल, तर या दोन कामांतला फरक त्यांना सांगून सांगून माणसाची जीभ झिजावी. लग्न जुळवून देणारा वेगळा आणि सून नांदवणारी वेगळी, एवढी साधी गोष्ट आहे. पण नाही. ज्यानं भाडेकरू आणून दिला त्यानंच भाडेकरूकडे बघावं, असं यांना वाटतं. त्याच्या खिशात चार घरांच्या किल्ल्या, दोन गिऱ्हाईकं गाडीत बसलेली, आणि त्यानं म्हणे यांच्या मोरीत काय तुंबलंय ते बघायचं. उलट, जी वर्षानुवर्षं घर बघते तिला विचारणार, "तुम्ही नेमकं करता काय?"

मार्लिस काय करायची ते सांगायला आधी आमच्या गावची रीत सांगायला हवी. आमच्याकडे कुणी तक्रार करत नाही. कसं काय, विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वाईट नाही." छप्पर उडून सरोवरात पडलं तरी वाईट नाही, निदान उन्हाळ्यात पडलं. कॉफी हवी का, विचारलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, "बरं, केलीच असेल तर अर्धा कप." आणि पोटातलं खरं बोलणं बाहेर येतं ते फक्त निघताना, दारात. पाहुणा उठतो, कोट घालतो, बूट चढवतो, दाराच्या मुठीवर हात ठेवतो, हवापाण्यावर बोलणं होतं, आणि मग यजमान हळूच म्हणतो, "ते जाऊ दे, डॉक्टरनं काहीतरी गाठ आहे म्हणून सांगितलंय."

मार्लिस याच गावात वाढलेली. तिनं त्या रीतीचं हत्यार केलं. भाडेकरूला ती कधी विचारायचीच नाही की सगळं ठीक आहे ना. ती बूट काढून आत यायची, कॉफी घ्यायची, गावातल्या चौकश्या करायची. मग उठायची. कोट घालून दारात उभी राहायची आणि उगाच रेंगाळायची. एवढ्यानंही आलं नाही बोलणं तर काहीतरी विसरल्याचं सोंग करून परत बसायची आणि पुन्हा उठायची. छताला ओल धरलीय, जिन्याचा कठडा हलतोय, नवरा घर सोडून गेलाय आणि भाड्याला जरा उशीर होईल, सगळं तिला दारातच कळलेलं. या कामात नव्यानं आलेल्या मुलींना ती शिकवायची, "कामावर जाताना चेनचे नाहीत, बांधायच्या नाड्यांचे बूट घाला. वेळ लागतो."

तिच्याकडच्या घरांत टेकडीवरचं एक घर एल्वी तुओमिनेनबाईंचं होतं. लहानसं, पिवळं, विटांच्या जुन्या धुरांड्याचं. नवरा गेल्यावर एल्वीबाईंना इथली थंडी सोसेना, म्हणून त्या मुलीकडे, जनीनकडे, दूर दक्षिणेला वाळवंटातल्या टूसानला राहायला गेल्या. घर विकायला मन होईना. मग कर्ट ब्योर्कमन या एजंटानं त्यांना भाडेकरू आणून दिला. कर्ट हा मार्लिसच्या हाताखाली तयार झालेला. गोरापान, उंच, सतत घाईत, आणि कुणाला नाही म्हणणं ज्याच्या जिभेवर येत नाही असा. त्यानं आणलेला भाडेकरू मात्र लाखात एक होता, हे कबूल करायला हवं.

तो वर्नर लुंडीन. खनिज वाहून नेणाऱ्या बोटींवर आयुष्यभर आचारी होता. आता पंच्याहत्तरीच्या पुढचा, एकटा. भाडं महिन्याच्या पहिल्या तारखेला, पायऱ्या स्वच्छ, स्वयंपाकघरात सगळी भांडी उतरत्या क्रमानं टांगलेली. मार्लिस येणार म्हटलं की वेलदोड्याचा गोड पाव भाजून ठेवायचा आणि वर म्हणायचा, "सकाळी सहज केला, नाहीतरी उरलाच असता." बोटीवर वीस-पंचवीस जणांना जेवू घालणाऱ्या माणसाला एकट्यापुरतं करायला कधी जमलंच नाही. मार्लिस जाताना तिच्या हातात निम्मा पाव कागदात गुंडाळलेला असायचा.

गेल्या शरदात सगळं बिनसायला लागलं. एल्वीबाईंना ऐकू कमी यायला लागलं तसा घराचा कारभार जनीननं हातात घेतला. मार्लिसनं दरवर्षीप्रमाणे फोन केला, थंडीआधी धुरांडं साफ करून घेते आणि भट्टी तपासून घेते. जनीन म्हणाली, "मागच्या वर्षी काही निघालं होतं का?"

"नाही."

"त्याच्या मागच्या वर्षी?"

"नाही. दरवर्षी साफ केलं म्हणूनच निघालं नाही."

"मग एक वर्ष राहू दे की. तिथं कधी काही होतच नाही."

मार्लिसनं समजावून पाहिलं. विटा जुन्या आहेत, हिवाळा आपल्याकडचा आहे, आत माणूस राहतो. जनीन वाईट बाई नाही. पण वाळवंटात अंगणात निवडुंग बघत बसून टेकडीवरच्या धुरांड्याचा हिशेब करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. ती म्हणाली, राहू दे. मालकानं राहू दे म्हटलं की सांभाळणारीचे हात बांधलेले. मार्लिसनं भाडेकरूच्या भिंतीवरचं विषारी वायूची सूचना देणारं यंत्र तेवढं स्वतः बदललं, नवीन बॅटरी घातली, आणि गप्प बसली.

नाताळाच्या आधी जनीनचा पुन्हा फोन आला. फार गोड बोलली. आईला तुमच्याबद्दल आदर आहे वगैरे सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "नव्या वर्षापासून कर्ट बघेल. भाडेकरू त्यानंच आणलाय, तो त्याला ओळखतो. आणि काही झालं तर फोन आहेच ना."

मार्लिसनं कर्टला गाठलं. "तू बघणार आहेस घर?"

कर्ट खाली बघून गाडीच्या किल्ल्या खुळखुळवायला लागला. "तिनं विचारलं. मी म्हटलं, बघू की."

"बघू की म्हणजे?"

"म्हणजे आता नाही कसं म्हणायचं, मार्लिस. पुढंमागं ते घर विकायला काढतील, तेव्हा मलाच देतील. आणि वर्नर काय, कधी फोन करतोय थोडाच."

"तेच तर," मार्लिस म्हणाली. पण पुढं काही बोलली नाही. बोलली असती तर काम गेल्याचं दुःख झालंय, असं दिसलं असतं. आणि दुःख झालंच होतं. एक घर गेल्यानं तिचं काही उपाशी राहायचं नव्हतं. पण त्या घरात तो माणूस होता, कुणालाही हाक न मारणारा, आणि त्याच्याकडे आता कुणी बघणार नव्हतं. हे तिला दिसत होतं आणि करता काही येत नव्हतं.

जानेवारीत थंडी अशी पडली की सरोवरावर वाफेचे लोट उभे राहिले आणि गाड्या सुरू होईनात. मार्लिसकडे वर्नरच्या घराची किल्ली राहिली होती. ती त्याला परत द्यायची, निरोप घ्यायचा आणि निघायचं, असं ठरवून ती टेकडीवर गेली. आत जायचं नाही, हे तिनं गाडीतच पक्कं केलं होतं. आत गेलं तर रडू येईल, आणि वर्नरसमोर रडणं म्हणजे त्या बिचाऱ्याला आठवडाभर झोप नाही.

वर्नरनं दार उघडलं. "ये, ये. कॉफी घेणार ना?"

"नको वर्नर. किल्ली द्यायला आले होते फक्त."

"अर्धा कप."

"खरंच नको. मला खरंच जायचंय."

"केलेलीच आहे."

आता काय करायचं सांगा. आयुष्यात पहिल्यांदा ही बाई मनापासून नको म्हणत होती, आणि आमच्या गावात नको म्हटलेलं कुणी मनावर घेतंय थोडंच. तो तिसऱ्यांदा विचारून कप काढायला वळलासुद्धा. बूट घालून दारात उभं राहून कॉफी प्यायची तर तो अपमान. मार्लिसनं पुटपुटत नाड्या सोडल्या आणि आत गेली.

स्वयंपाकघर उबदार होतं, जरा जास्तच कोंदट. खिडकीच्या काचांवरून आतल्या बाजूनं पाण्याच्या धारा लागलेल्या. वर्नरचे गाल लाल दिसत होते. तिला वाटलं, तब्येत चांगली दिसते. पाव होता, पण त्याला वेलदोडा नव्हता. वर्नरनं एक घास खाल्ला आणि तोच चकित झाला. "विसरलो वाटतं. असं कधी होत नाही." मग त्यानं तिच्या कपात कॉफी ओतली आणि थोड्या वेळानं, कप भरलेला असताना, पुन्हा ओतायला गेला.

वय झालं, मार्लिसच्या मनात आलं, आणि तिला आणखी वाईट वाटलं. तिचंही डोकं दुखायला लागलं होतं. त्याचा दोष तिनं जनीनला दिला. गेला महिनाभर जे जे दुखलं त्याचा दोष ती जनीनलाच देत होती.

"कर्ट येऊन गेला काल," वर्नर म्हणाला. "चांगला मुलगा आहे. बूट नाही काढले त्यानं, पायपुसण्यावरच उभा होता. गाडीत माणसं बसली होती त्याची. विचारलं, सगळं ठीक ना. मी म्हटलं, उत्तम."

"आता काही लागलं तर त्याला सांगायचं," मार्लिस म्हणाली.

"मला काय लागणार."

किल्ली टेबलावर ठेवून ती उठली. वर्नर तिला पोचवायला दारापर्यंत आला, चौकटीला धरून उभा राहिला. तिनं कोट घातला. दाराच्या आतल्या पायरीवर बसून बूट चढवले. नाडी नीट बांधली जाईना. तिला लवकर निघायचं होतं आणि निघवत नव्हतं.

"सरोवर गोठेल या वर्षी," वर्नर म्हणाला.

"गोठेल."

"एकदा असाच हिवाळा होता. आमची बोट बंदराबाहेर अडकली. मी सगळ्यांना खीर करून घातली होती."

"सांगितलं होतंत मला."

"हो का." तिनं दुसरी नाडी ओढली. "बरं, तुला सांगायचं म्हणजे काही विशेष नाही. ते तू लावलेलं भिंतीवरचं यंत्र आहे ना, ते बिघडलं असावं. परवा दिवसभर ओरडत होतं. मी बॅटरी काढून ठेवली. शेजारच्यांना त्रास नको म्हणून. पण ते तुझं आहे, तर तुला घेऊन जायचं असलं तर."

मार्लिसचे हात नाडीवरच थांबले. धारा लागलेल्या काचा, लाल गाल, विसरलेला वेलदोडा, स्वतःचं ठणकणारं डोकं, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. ती उठली तेव्हा तिलाच भोवळ आली.

"वर्नर, बाहेर चला."

"कुठं?"

"बाहेर. आत्ता."

"कप तरी धुतो. कोटही आत..."

"कप गेले खड्ड्यात," मार्लिस म्हणाली. तिनं स्वतःचा कोट काढून त्याच्या अंगावर टाकला आणि त्याला दंडाला धरून ओढलं. उंबरा ओलांडेपर्यंत तो चालला. पहिल्या पायरीवर त्याचे गुडघे दुमडले आणि तो बर्फात बसला, अगदी हळू, जसा कुणी बाकावर बसतो तसा. आणि डोळे मिटायला लागला. मार्लिसही काही तरणीताठी नव्हती, आणि वर्नर अंगानं चांगला भरलेला. तिनं कोटाची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि त्याला अंगणातून पोत्यासारखा ओढत गाडीपर्यंत नेला. ओढताना ती त्याला शिव्या घालत होती. त्याला, जनीनला, कर्टला, त्या धुरांड्याला आणि स्वतःला. शेजारीण खिडकीतून बघत होती, तिला मार्लिसनं ओरडून फोन करायला सांगितलं.

अग्निशमनवाले आले, तोंडाला मास्क लावून आत गेले. धुरांड्यातल्या विटा आत ढासळल्या होत्या आणि वरच्या तोंडाशी बर्फ धरला होता. भट्टीचा वायू बाहेर जायला वाटच नव्हती, तो तळघरातून जिन्यानं वर येत होता. त्यांचा प्रमुख मार्लिसला म्हणाला, "वेळेवर बाहेर काढलंत. आज रात्री झोपला असता तर सकाळी उठला नसता." आमच्या गावात एवढं स्पष्ट बोलणारा माणूस बघून मार्लिसला खुर्चीची गरज पडली. त्यांनी तिलाही रुग्णवाहिकेत बसवून प्राणवायूची नळी लावली.

दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत संध्याकाळी कर्ट आला. बराच वेळ उभाच होता. मग म्हणाला, "काल मी तिथंच होतो, मार्लिस. मी विचारलं होतं त्याला. उत्तम आहे म्हणाला."

"विचारून कुणी सांगतं का इथं? थांबावं लागतं."

"मला थांबायला वेळ नसतो."

"माहितीये मला. मीही नव्हते थांबत, बाकावर होते तेव्हा." मार्लिसचा राग उतरला होता, नुसता थकवा राहिला होता. "तू त्याला इतकं चांगलं घर मिळवून दिलंस, कर्ट. एल्वीबाईंना इतका चांगला माणूस मिळवून दिलास. तिथं तुझं काम झालं होतं, आणि उत्तम झालं होतं. पुढचं तुझं नाही, हे तू जनीनला सांगायला हवं होतंस."

"नाही म्हणायचं होतं," कर्ट म्हणाला.

"हो."

कर्टच्या खिशात फोन वाजत होता. तो त्यानं वाजू दिला आणि तिच्या शेजारी बसला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्याला जागा सापडत नव्हती.

टूसानहून फोन आला तो एल्वीबाईंचा. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून त्या ओरडून बोलत होत्या आणि मधेच रडत होत्या. "पोरी, त्याला काही झालं असतं तर मी कुठं तोंड दाखवलं असतं? तूच बघ गं ते घर. पहिल्यासारखं बघ." मग जनीननं फोन घेतला. आधी तिनं वर्नरची तब्येत विचारली. मग म्हणाली, "मला खरंच वाटलं होतं तिथं काही होत नाही." तिचा आवाज इतका लहान झाला होता की मार्लिसला तिला बोलायचं होतं त्यातलं काही बोलवेना. विचार करून सांगते, एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. विचार काय करायचा होता, पण एकदा हाकलल्यावर लगेच हो म्हणायला माणसाला जड जातं.

मग ती वर्नरच्या खोलीत गेली. तो उशीला टेकून बसला होता, नाकावर मास्क, त्यातूनही लाजलेला दिसत होता. तिला बघून त्यानं मास्क जरा खाली केला.

"तुझा कोट अंगणात घासून मळला," तो म्हणाला. "मी धुऊन देईन."

"मला फोन का नाही केलात, वर्नर? परवाच, ते वाजायला लागलं तेव्हा?"

"तुझं काम सुटलं होतं ना. मग तुला बोलवायचं म्हणजे फुकटात राबवणं झालं."

"मग कर्टला सांगायचं. काल दारात उभा होता तो."

"त्याची माणसं गाडीत थांबली होती. थंडीत."

"मेला असतात तुम्ही. कळतंय का तुम्हाला?"

वर्नरनं खरोखर विचार केला. मग म्हणाला, "हो. पण मग कुणाला त्रास झाला नसता."

मार्लिसला त्याच्या मुस्काटात मारावंसं वाटलं आणि त्याला मिठी मारून रडावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच न करता ती खुर्ची ओढून बसली, तिथंच त्याच्यासमोर टूसानला फोन लावला आणि एल्वीबाईंना मोठ्यानं, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं की हो, ती घर बघेल. फोन ठेवून ती त्याच्याकडे वळली.

"आता माझं काम सुटलेलं नाही. आता तुमच्या तक्रारी ऐकायचे मला पैसे मिळतात. करा तक्रार."

"काही नाही गं."

"मी इथून उठणार नाही. कोट घालणार नाही. बूटही काढून ठेवते हवं तर."

वर्नरनं पांघरुणाची सुरकुती काढली. पुन्हा काढली. "ती निजायच्या खोलीतली खिडकी आहे ना," शेवटी तो म्हणाला, "तिच्यातून जरा वारा येतो."

"कधीपासून?"

"राहायला आलो तेव्हापासून."

मार्लिस त्याच्याकडे बघत राहिली. इतके हिवाळे ती त्याच्या टेबलाशी बसली होती, इतकी कॉफी प्यायली होती, दारात रेंगाळली होती, आणि तिला वाटत होतं की या माणसाचं आता आपल्याला न कळलेलं काही उरलेलं नाही.

"आणखी?" तिनं विचारलं.